दिवा लागण्याची वाट पाहू नका

वारा पडला की उपयोगी पडावं म्हणून शिडाच्या होडीत छोटं डिझेल इंजिन असतं. त्यातल्या ऑइलचा दाब फारच घसरला, तरच धोक्याचा लाल दिवा लागतो. तोवर बेअरिंगची झीज सुरू झालेली असू शकते. म्हणून जाणकार दाबमापकही बसवतात. तापलेलं ऑइल पातळ होतं, दाब उतरतो. त्यामुळे इंजिन तापल्यावर, ठरावीक वेगालाच आकडा टिपून मागच्या नोंदींशी ताडून पाहायचा.

रक्तदाबाचंही तसंच, फक्त इथे भीती बहुधा तो वाढण्याची. वाढला तरी बहुतेकांना काहीच जाणवत नाही आणि शरीरात लाल दिवाही नाही. पाच मिनिटं शांत बसा, मग मोजा, लिहून ठेवा. घरी वारंवार १३५/८५ किंवा जास्त येत असेल, तर वही घेऊन डॉक्टरांकडे जा. डोकं दुखायची वाट पाहू नका.