कात टाकणाऱ्या उद्योगाचा हिशेब

जुलै २०२५ मध्ये टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेस या देशातील सर्वांत मोठ्या संगणक-सेवा कंपनीने आपल्या सहा लाखांवर कर्मचाऱ्यांपैकी सुमारे २ टक्के, म्हणजे बारा हजारांच्या आसपास माणसे कमी करण्याचे जाहीर केले. कुऱ्हाड मुख्यतः मधल्या आणि वरच्या फळीवर पडणार होती. ज्यांच्या अंगचे कौशल्य नव्या कामाशी जुळत नाही, ज्यांची अन्यत्र नेमणूक करणे शक्य नाही, अशांना निरोप द्यावा लागत आहे, असा खुलासा कंपनीने केला. पुण्यात त्यावरून मजूर खात्याकडे तक्रारी गेल्या. चाळीस-पंचेचाळीस वर्षांपूर्वी संगणकाच्या विरोधात निदर्शने करणारा वर्ग कारकुनांचा होता. आज संगणकाचे पुढचे रूप पाहून धास्तावलेला वर्ग संगणक चालविणाऱ्यांचाच आहे, आणि त्यांतील पुष्कळजण त्या कारकुनांची मुले आहेत.

हा उद्योग बदलांना तोंड देण्यात पटाईत आहे, असे नेहमी सांगितले जाते. ते खोटे नाही. परंतु ही लवचिकता नेमकी कशाची, आणि प्रत्येक वेळी तिची किंमत कोणी चुकती केली, हे पाहिल्यावाचून त्या कौतुकाला फारसा अर्थ उरत नाही.

टाटांच्या या कंपनीचा आरंभ १९६८ साली मुंबईत टाटा सन्सचा एक विभाग म्हणून झाला. छिद्रांकित पत्रांवर समूहातील कारखान्यांचे हिशेब करून देणे हे तिचे प्रारंभीचे काम. पुढल्याच वर्षी वीज कंपनीतून आलेले फकीरचंद कोहली हे अभियंते तिची सूत्रे पाहू लागले. त्या काळी परकीय चलनाची टंचाई एवढी होती, की संगणक आयात करणे म्हणजे दिल्लीच्या कचेऱ्यांतून वर्षानुवर्षे अर्ज फिरविणे होय. सरकारने वाट ठेवली होती ती अशी, की ज्याला यंत्र हवे त्याने त्या यंत्राच्या किमतीच्या दुप्पट आज्ञावलींची निर्यात करून दाखवावी. १९७४ साली बरोज या अमेरिकन कंपनीशी संबंध जोडून टाटांनी ही वाट धरली. भारताच्या सॉफ्टवेअर-निर्यातीचे मूळ कोणा द्रष्ट्याच्या स्वप्नात शोधण्यापेक्षा ते आयात-परवान्याच्या अटींत शोधणे अधिक सयुक्तिक ठरेल. यंत्र मिळविण्यासाठी निर्यात करणे भाग होते. पुढे निर्यात हाच धंदा झाला.

दुसरा धक्का आयबीएमच्या निर्गमनाचा. १९७३ च्या परकीय चलन नियंत्रण कायद्याने परदेशी कंपन्यांना येथील आपला भागभांडवलाचा हिस्सा ४० टक्क्यांपर्यंत खाली आणणे आवश्यक केले. आयबीएमला ते मान्य नव्हते. जनता सरकारच्या काळात, जॉर्ज फर्नांडिस उद्योगमंत्री असताना, तिने येथील व्यवहार आवरते घेतले आणि १९७८ साली ती गेली. परदेशात कालबाह्य झालेली यंत्रे येथे भाड्याने लावण्याचा तिचा प्रघात होता, त्यामुळे फार हळहळण्याचे कारण नव्हते. तिच्या मागे राहिलेल्या यंत्रांची देखभाल सीएमसी या सरकारी कंपनीकडे आली. रिकाम्या झालेल्या बाजारात देशी उत्पादक उतरले.

या उत्पादकांत एक नाव खानदेशातले होते, ही गोष्ट मराठी वाचकाने विसरू नये. १९४५ साली अमळनेर येथे वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स या नावाने वनस्पती तुपाचा कारखाना सुरू झाला. साने गुरुजी ज्या गावी शिक्षक होते, तेच हे गाव. भुईमुगाच्या तेलापासून वनस्पती, मग साबण, असा त्या कारखान्याचा साधा संसार होता. १९६६ साली वडिलांच्या निधनामुळे अमेरिकेतील शिक्षण अर्धवट सोडून परतलेल्या अझीम प्रेमजींच्या हाती तो आला तेव्हा ते एकवीस वर्षांचे होते. आयबीएम गेल्यानंतर याच कंपनीने संगणक बनविण्याचे ठरविले, आणि तिच्या लांबलचक नावातील आद्याक्षरांचे 'विप्रो' झाले. तुपाच्या डब्यांचा अनुभव संगणकाला कितपत उपयोगी पडला असेल हा प्रश्न बाजूला ठेवू. धंद्याला लागणारी रोकड मात्र त्याच डब्यांनी पुरविली. अमळनेरातील ज्या कुटुंबांनी या कंपनीचे भाग घेऊन ते कागद पेटीच्या तळाशी जपून ठेवले, त्यांना पुढे जे वैभव दिसले त्याच्या कहाण्या त्या गावात आजही सांगितल्या जातात. गंमत अशी, की विप्रोही यंत्रे बनविण्यात रमली नाही. १९९१ नंतर आयातीची दारे उघडली, परदेशी संगणक स्वस्त झाले, आणि देशी यंत्रांचा धंदा हळूहळू ओसरला. उरला तो आज्ञावलींचा, म्हणजे माणसांचा.

माणसांचा म्हणण्याचे कारण असे. १९८१ साली पुण्यात सात जणांनी दहा हजार रुपयांवर इन्फोसिस सुरू केली तेव्हा तिच्याजवळ स्वतःचा संगणक नव्हता. तो १९८३ मध्ये आला, आणि त्याच वर्षी कंपनीने पुणे सोडून बंगलोर गाठले. दरम्यान काम चालले होते ते अमेरिकेतील गिऱ्हाइकाच्या यंत्रावर, येथून तेथे माणसे पाठवून. यंत्र येथे आणण्यास परवाना, जकात, चलन यांची आडकाठी. माणूस विमानात बसविणे त्या मानाने सोपे. या व्यवहाराला इंग्रजीत 'बॉडी शॉपिंग' असे जे हिणकस नाव पडले, ते कानाला कितीही झोंबले तरी वस्तुस्थितीला धरूनच होते. तासाला इतके डॉलर या दराने बुद्धिमान तरुण भाड्याने दिले जात होते.

नोव्हेंबर १९८४ चे संगणक धोरण, १९८६ चे सॉफ्टवेअर धोरण, १९८५ मध्ये टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सने बंगलोरात उभारलेले आणि उपग्रहाने परदेशाशी जोडलेले केंद्र, पुण्यासह निवडक शहरांत निघालेली सॉफ्टवेअर तंत्रोद्याने, या पायऱ्या सर्वपरिचित आहेत. त्यांचा इत्यर्थ एवढाच, की माणूस येथेच बसून अमेरिकेचे काम करू लागला. घरच्या टेलिफोनसाठी वर्षानुवर्षे प्रतीक्षायादीत राहावे लागणाऱ्या शहरांत सातासमुद्रापलीकडे जाणाऱ्या तारा निर्यातदाराला मिळाल्या. अमेरिकेत रात्र असताना येथे दिवस असतो, या भूगोलाच्या प्राथमिक धड्यालाही बाजारभाव आला.

आणि मग दोन हजार साल. जुन्या संगणकांत स्मरणशक्ती महाग होती, म्हणून वर्ष लिहिताना शेवटचे दोनच आकडे ठेवण्याची प्रथा पडली होती. १९९९ नंतर '००' आले म्हणजे यंत्र ते १९०० समजणार, आणि व्याज, विमा, निवृत्तिवेतन यांचे हिशेब कोलमडणार. उपाय अवघड नव्हता. पण लक्षावधी ओळी एकेक करून तपासावयाच्या होत्या, त्याही बहुतांशी कोबोल या जुन्या भाषेत. पाश्चात्त्य तज्ज्ञांना कंटाळवाणे व कमी प्रतीचे वाटणारे ते काम भारतीय कंपन्यांनी आनंदाने अंगावर घेतले. ते एका अर्थी कारकुनीच होती, जुन्या चोपड्या उघडून तारखा दुरुस्त करण्याची. पण त्या निमित्ताने बड्या बँका व विमा कंपन्यांच्या माजघरापर्यंत आपल्या माणसांचा वावर झाला. २००० नंतर अमेरिकेतील इंटरनेट कंपन्यांचा फुगा फुटला, तेव्हाही हा वावर कामी आला. मंदीत खर्च कमी करू पाहणाऱ्या गिऱ्हाइकाने आपली देखभालीची कामे इकडे वळविली.

एवढ्या सगळ्या स्थित्यंतरांत एक गोष्ट मात्र फारशी बदलली नाही. विक्रीला होते ते माणसांचे तास. उत्पन्न वाढवावयाचे तर माणसे वाढवा, आणि नफा टिकवावयाचा तर त्यांत नवशिके जास्त ठेवा. या मनोऱ्याच्या पायथ्याशी दरवर्षी महाविद्यालयांतून हजारो पदवीधर ओतले गेले. नवशिक्याचे वार्षिक वेतन मोठ्या कंपन्यांत दशकाहून अधिक काळ साडेतीन लाखांच्या आसपास घुटमळत राहिले आहे. हिंजवडीच्या घरभाड्याला असे घुटमळणे ठाऊक नाही.

अपवाद नव्हते असे नाही. पुण्यात गणकयंत्रे दुरुस्त करणारे, शालेय शिक्षणापुढे न गेलेले कैलास काटकर संगणक-दुरुस्तीकडे वळले. गिऱ्हाइकांची यंत्रे वारंवार विषाणूंनी बिघडतात हे त्यांच्या ध्यानी आले, आणि धाकटे बंधू संजय यांनी लिहिलेल्या विषाणुरोधक आज्ञावलीतून 'क्विक हील' उभी राहिली. ही वस्तू होती. एकदा लिहिली की हजारदा विकता येई. असा मार्ग थोड्यांनी धरला, कारण तास विकणे हा बिनधोक धंदा होता.

आता पुन्हा त्या कारकुनांकडे वळू. त्यांच्या विरोधाची आज थट्टा होते, पण तिच्यात अर्धेच सत्य आहे. यांत्रिकीकरणाचा विचार करण्यासाठी सरकारने नेमलेल्या आणि १९७२ मध्ये अहवाल देणाऱ्या समितीचे अध्यक्ष पुण्याच्या गोखले संस्थेचे प्रा. वि. म. दांडेकर होते, म्हणजे प्रश्न केवळ घोषणांचा नव्हता, तो गंभीर अर्थशास्त्रज्ञांनाही विचार करावयास लावणारा होता. १९८३ मध्ये बँक कर्मचाऱ्यांच्या संघटना व व्यवस्थापन यांच्यात करार झाला. यंत्रे किती, कोठे आणि कोणत्या कामासाठी यावर त्यात मर्यादा होत्या. १९८४ मध्ये रंगराजन समितीचा अहवाल आला, शाखांतून खातेवही भरणारी यंत्रे आली, ती चालविणाऱ्यांना विशेष भत्ता मिळाला. पुढे १९९३ च्या करारान्वये आणखी दारे उघडली. या दहा वर्षांत ग्राहकाला टोकन हातात धरून ताटकळावे लागले, यात शंका नाही; संघटनांचा ताठरपणा अनेकदा अनाठायी होता, हेही मान्य करावे लागेल. परंतु या मुदतीत एक अख्खी पिढी वहीकडून पडद्याकडे सरकली, आणि यंत्र आले म्हणून तिला सरसकट रस्त्यावर यावे लागले नाही. २०००-०१ च्या स्वेच्छानिवृत्ती योजनेत लाखावर कर्मचाऱ्यांनी सरकारी बँका सोडल्या, त्याही पैसे घेऊन व अर्ज करून. त्या स्थैर्यावर कर्जे काढून मुलांना अभियांत्रिकीला घालता आले.

ती मुले व त्यांच्या पाठची भावंडे आज निराळ्या कोंडीत आहेत. नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी आले, आणि नवशिक्याच्या वाट्याला येणाऱ्या आज्ञावली, चाचण्या, टिपणे यांचा मोठा भाग यंत्र क्षणार्धात लिहू लागले. गिऱ्हाईक विचारू लागले, की काम निम्म्या वेळात होत असेल तर पूर्ण तासांचे पैसे का द्यावे? हा प्रश्न धंद्याच्या मुळावरच येणारा आहे. भरीला सप्टेंबर २०२५ मध्ये अमेरिकेने नव्या एच-१बी अर्जांवर एक लाख डॉलरचे शुल्क लावले. दुसरीकडे परदेशी बँका आणि कारखानदार पुणे-बंगलोरात स्वतःचीच केंद्रे काढून मध्यस्थाला वगळू लागले आहेत. कंपन्या यातूनही मार्ग काढतील. तासांऐवजी फलितावर दर ठरविण्याची भाषा त्यांनी सुरू केलीच आहे, आणि आजवरचा इतिहास पाहता त्या बुडतील असे भाकीत करण्यास आधार नाही.

पण कंपनी जगणे आणि तिच्यातील माणूस जगणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आयबीएम गेली तेव्हा, आयात खुली झाली तेव्हा, फुगा फुटला तेव्हा, नवे काम जुन्यापेक्षा अधिक माणसे मागणारे होते. म्हणून बदलाचा चटका थोड्यांनाच जाणवला. या वेळी नवे काम कमी माणसे मागते. चाळिशीतला, गृहकर्जाचे हप्ते भरणारा प्रकल्प-व्यवस्थापक कोणत्या संघटनेकडे जाणार? आपण कामगार नसून 'प्रोफेशनल' आहोत, असे त्याला वीस वर्षे सांगण्यात आले आणि त्यानेही ते अभिमानाने मानले. नांदेड-सांगलीच्या महाविद्यालयांत शेवटच्या वर्षाला असलेल्या विद्यार्थ्याला तर तक्रार करण्यापुरतेही स्थान नाही; ज्या पायरीवरून चढावयाचे तीच काढून घेतली जात आहे. पाच वर्षांनी अनुभवी माणसे कोठून आणणार, हा प्रश्न कंपन्यांच्या हिशेबात सध्या तरी दिसत नाही.

बँकेतील कारकुनाला १९८३ च्या करारापासून १९९३ च्या करारापर्यंत दहा वर्षे मिळाली होती. टाटा कन्सल्टन्सीने जून २०२५ मध्ये लागू केलेल्या नियमानुसार, हाती प्रकल्प नसताना कर्मचाऱ्याला वर्षात जास्तीत जास्त ३५ दिवस राहता येते.