बाहेरच्या भिंतीची वीट आणि पाणी

नव्या घराच्या बाहेरच्या भिंतीसाठी वीट घेताना पहिली चौकशी होते ती मजबुतीची. भारतीय मानक १०७७ मधील सर्वांत खालच्या वर्गाची भाजलेली वीटही दर चौरस मिलिमीटरला ३.५ न्यूटन दाब सोसते. ३ मीटर उंच भिंतीचे स्वतःचे वजन तळाच्या विटेवर तेवढ्याच क्षेत्रात जेमतेम ०.०६ न्यूटन दाब आणते. आरसीसी चौकटीच्या घरात तर स्लॅबचा भार खांबच पेलतात. त्यामुळे बाहेरच्या विटेची खरी परीक्षा घेतो तो पाऊस.

पाण्याशी विटेचे नाते भट्टीत ठरते. सुमारे ५०० अंश सेल्सिअसच्या पुढे मातीच्या खनिजांत रासायनिक रूपाने बांधलेले पाणी निघून जाते. ९०० अंशांच्या आसपास मातीचा काही भाग वितळू लागतो आणि निवताना काचेसारखा होऊन कणांना सांधतो. हे सांधणे अपुरे राहिले तर वीट फिकट, ठिसूळ आणि पाणी पिणारी होते. अति भाजलेली खंगर वीट पाणी फारसे घेत नाही. पण ती वेडीवाकडी असते आणि मसाला तिला नीट धरत नाही. चांगल्या भाजणीची वीट दुसऱ्या विटेवर आपटली की खणखणीत वाजते, नखाने तिच्यावर ओरखडा उठत नाही.

नेमके उत्तर वजनकाटा देतो. पूर्ण कोरडी वीट तोलावी, २४ तास थंड पाण्यात बुडवून, पुसून पुन्हा तोलावी. मानकानुसार मजबुतीच्या १२.५ पर्यंतच्या वर्गांत वाढ २० टक्क्यांहून अधिक नसावी, वरच्या वर्गांत १५ टक्क्यांहून. म्हणजे ३ किलोच्या साध्या विटेने ६०० ग्रॅमपेक्षा जास्त पाणी पिऊ नये.

पाण्यासोबत क्षारही फिरतात. भिंत वाळताना ते पृष्ठभागावर येतात आणि लोणा धरतो; आतल्या बाजूने स्फटिक वाढले तर विटेचे पापुद्रे निघतात. काळ्या मातीतल्या चुनखडीच्या खड्यांचा धोका वेगळा. भट्टीत त्यांचा कळीचा चुना होतो, ओल लागताच तो फुगतो आणि वीट फोडतो. नमुन्याची वीट मोडून आत पांढरे ठिपके दिसले, तर तो माल बाहेरच्या भिंतीसाठी नाकारावा.

भट्टीत गमावलेले रासायनिक पाणी वीट हवेतील बाष्पातून हळूहळू परत मिळवते आणि किंचित प्रसरण पावते. हे प्रसरण काळाच्या चतुर्थमुळाच्या प्रमाणात होते, असे मँचेस्टरच्या मोइरा विल्सन आणि सहकाऱ्यांनी २००३ मध्ये मांडले. पहिल्या दिवशी जितकी वाढ, तिच्या दुप्पट वाढ व्हायला १६ दिवस लागतात आणि दसपट व्हायला १०,००० दिवस, म्हणजे सुमारे २७ वर्षे! या नियमाने विटेचे वयही मोजता येते: वीट ५०० अंशांवर तापवून पाणी घालवायचे आणि मग वजन कोणत्या गतीने परततेय ते पाहायचे. २००९ मध्ये या पद्धतीची चाचणी चालू असताना इंग्लंडमधील कँटरबरीच्या एका मध्ययुगीन विटेचे वय अवघे ६६ वर्षे निघाले. पद्धत चुकली नव्हती. दुसऱ्या महायुद्धात आगलावे बॉम्ब पडून कँटरबरी जळाले, तेव्हा ती वीट पुन्हा भाजली गेली होती आणि तिचे पाणी परत घेणे नव्याने सुरू झाले होते. हे संशोधन घर बांधणाऱ्याच्याही कामाचे आहे. भट्टीतून नुकतीच निघालेली वीट लगेच लावू नये, पंधरा-वीस दिवस राहू द्यावी. २७ वर्षांतल्या वाढीचा पाचवा हिस्सा तेवढ्यात उरकतो. लांब भिंतींत प्रसरणासाठी सांधा ठेवावा.

शेवटी बांधकाम. कोरडी वीट मसाल्यातले पाणी शोषून त्याला कच्चा ठेवते, म्हणून ती आधी भिजवून पृष्ठभाग सुकल्यावर लावतात. मसाला विटेहून मऊ असावा. हालचालीचे तडे मग सांध्यात पडतात आणि ते पुन्हा भरता येतात. फुटलेली वीट मात्र बदलावीच लागते.