मला वेड तर लागत नाहीये ना?

पैनगंगेच्या दक्षिणेला, आदिलाबाद जिल्ह्यात, कित्येक घरांत मराठी आणि कचेरीत तेलुगू. मन बिनसलं की मात्र दोन्ही भाषांत भीती एकच: वेड तर लागत नाहीये ना?

छाती धडधडते, हातांना मुंग्या येतात, रोजचा रस्ता पडद्यावरच्या चित्रासारखा वाटतो. घाबरल्यावर आपण भराभर श्वास घेतो. त्याने रक्तातला कार्बन डायऑक्साइड घटतो, मेंदूच्या रक्तवाहिन्या आकसतात, गरगरतं, सगळं परकं भासतं. घबराटीचा हा झटका बहुधा दहाएक मिनिटांत कळस गाठतो आणि ओसरतो. हे वेड नव्हे. नैराश्यात विचार मंदावतात, साधी नावं आठवत नाहीत. तेही वेड नव्हे.

लोक ज्याला वेड म्हणतात, त्या स्किझोफ्रेनियासारख्या आजारात भास रुग्णाला बहुधा खरेच वाटतात. चिंतेत जग ‘खोटं असल्यासारखं’ वाटतं. त्या ‘सारखं’मध्ये शाबूत भान असतं! अर्थात, तीव्र नैराश्यातही कधी आवाज ऐकू येतात. म्हणून मोबाइलवर शोधून स्वतःचं निदान करू नका. आदिलाबादच्या रिम्स रुग्णालयात किंवा जवळच्या डॉक्टरांकडे जा. घराबाहेर पडवत नसेल, तर १० ऑक्टोबर २०२२ला सुरू झालेल्या टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनला १४४१६ वर फोन करा. तो मोफत आहे आणि चोवीस तास चालू असतो.