मुळशीचा पांढरा कोळसा

धरणाची वीज म्हणजे स्वच्छ वीज, हे शाळेत पाठ केलेलं वाक्य विनायकराव भुस्कुट्यांचं ‘मुळशी सत्याग्रह’ वाचल्यापासून माझ्या घशाखाली उतरत नाही. पुस्तक १९६८चं. मुळशीच्या धरणाविरुद्ध सेनापती बापटांच्या बरोबरीने लढलेल्या माणसाने चार दशकं उलटल्यावर लिहिलेलं, आणि तरी निवलेलं नाही.

ते धरण बांधणाऱ्या टाटांची बाजू खोटी नव्हती. मुंबईच्या गिरण्या दूरवरून आणलेल्या कोळशावर चालत. धूर इतका, की १९१२ साली त्यावर कायदा करावा लागला. सह्याद्रीचा पाऊस, हा ‘पांढरा कोळसा’, मात्र फुकट. १९१५ साली खोपोलीचं आणि १९२२ साली भिवपुरीचं वीजकेंद्र सुरू झालं. मुळशीला नीला-मुळेच्या संगमाखाली बांध घालायचा आणि पाणी घाटाखाली, भिऱ्याच्या चक्रांवर, सुमारे पाचशे मीटर पाडायचं. गिरणीला वीज, मुंबईला मोकळी हवा. बुडणार होती ती मावळ्यांची भातखाचरं, गावं आणि देवळं.

१९२१च्या रामनवमीला सत्याग्रह सुरू झाला. घोषणा होती ‘जान किंवा जमीन’. पुढचं जेल, दंड, जप्त्या बहुतेकांना ठाऊक आहे. मला गुंतवतं ते घरातलं भांडण. जमीन कसणारा मावळा, पण कर्जापायी कागद पुण्याच्या सावकाराच्या नावावर. मावळ्याला जमीन हवी होती, सावकाराला चांगला भाव. टाटांनी मोबदल्याची भाषा सुरू करताच सावकारांचा जोर ओसरला आणि पुण्याचे पुढारीही डळमळले. सरकारच्या हाती १८९४चा भूसंपादन कायदा होताच. पण माझ्या मते लढा आधी पुण्यात हरला, मग मुळशीत.

बापट मागे हटले नाहीत. हा माणूस यंत्रशास्त्र शिकायला एडिंबरोला गेलेला. यंत्राची भीती म्हणून धरणाला विरोध, हा आरोप त्यांना तरी लागू पडत नाही. डिसेंबर १९२४मध्ये त्यांनी धरणाच्या कामावरची आगगाडी अडवून गोळीबार केला आणि सात वर्षांची शिक्षा भोगली. १९२७ साली भिऱ्याची चक्रं फिरू लागली.

आंबेमोहोराची खाचरं गेली, तो हिशेब जुना. दुसरा अजून चालूच आहे. मुळशीचं पाणी मुळा, मुठा, भीमा करत सोलापूरकडे जायचं. ते आता कुंडलिकेतून अरबी समुद्राला मिळतं. टाटांच्या सगळ्या धरणांतून मिळून असं वर्षाला सुमारे ४२ टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी पश्चिमेला वळवण्याची मुभा कृष्णा पाणीतंटा लवादाने मान्य केली. कोळसा वाचला, धूर वाचला, हे खरंच. पण भीमेच्या दुष्काळी खोऱ्यातलं पाणी वीज काढून झाल्यावर परत येत नाही. कुंडलिकेवर कोलाडला राफ्टिंग करणारे पर्यटक ज्या लोंढ्यावर स्वार होतात, तो भिऱ्याहून सोडलेला असतो.