रिकाम्या वर्गातली रुबी

सुट्टीत घरातल्या सगळ्यांनी एकत्र बसून पाहावा असा चित्रपट कोणता, असे वाचक-भगिनी आम्हाला अधूनमधून विचारतात. या वेळी आम्ही ‘रुबी ब्रिजेस’चे नाव सुचवतो. १९९८ साली डिस्नेने टीव्हीसाठी काढलेला हा चित्रपट युझान पाल्सी या दिग्दर्शिकेचा आहे आणि त्यातली हकिगत खरी आहे.

काळ्या आणि गोऱ्या मुलांच्या शाळा वेगळ्या ठेवणे बेकायदा आहे, असा निकाल अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९५४ मध्ये दिला. पण निकाल लागला म्हणून मने बदलली नाहीत. १४ नोव्हेंबर १९६० रोजी न्यू ऑर्लिन्स शहरात सहा वर्षांची रुबी गोऱ्यांच्या शाळेत निघाली, तेव्हा तिच्याबरोबर सरकारचे चार मार्शल होते. रस्त्यावर जमाव शिव्या देत होता. गोऱ्या पालकांनी आपली मुले घरी नेली. बार्बरा हेन्री या बोस्टनहून आलेल्या एकट्या बाईंनी तिला शिकवले. वर्षभर वर्गात एक शिक्षिका आणि एक विद्यार्थिनी! कुणी विष घालण्याची धमकी दिली, म्हणून रुबी घरचाच डबा खायची.

आम्हाला सर्वांत जास्त भिडले ते तिचे घर. वडील नको म्हणत होते, आईला मुलीची तालीम हवी होती. दोघांचेही म्हणणे खरे होते. वडिलांची नोकरी गेली. मिसिसिपीत आजी-आजोबांना कसायची जमीन सोडावी लागली. मग शेजारी उभे राहिले. कुणी वडिलांना काम दिले, कुणी घरावर पहारा ठेवला.

एके दिवशी रुबी जमावासमोर थांबून काही पुटपुटली. बाईंना वाटले, ती त्यांच्याशी बोलते आहे. ती तर त्यांच्यासाठीच दुआ करत होती! हे पाहताना आम्हाला ताइफची आठवण झाली. दगड मारणाऱ्यांसाठी आमच्या नबींनी (स.) हिदायतच मागितली होती.

हजरत बिलाल (रजि.) यांचे नाव आपण अभिमानाने घेतो. पण मुलासाठी स्थळ पाहताना पहिला प्रश्न कोणता असतो? ‘मुलगी गोरी आहे ना?’ सावळ्या लेकीसमोर तिच्या रंगाची काळजी आपल्याच घरात बोलून दाखवली जाते आणि ती मुकाट्याने ऐकते. अमेरिकेतल्या त्या जमावाला नावे ठेवण्याआधी आपण एवढे तरी तपासायला हवे.

चित्रपट संपला की टीव्ही बंद करा आणि मुलांना विचारा, ‘तुमच्या वर्गात एकटे कोण बसते?’ उत्तर मिळाले, तर उद्या डब्यात एक पोळी जास्त द्या आणि सांगा, ‘जा, त्याच्या शेजारी बसून खा.’