बॉडी वॉशचा मूळ वास: आधी काढा, मग झाका

आजचा विषय छोटा आहे, पण नाकाशी संबंधित आहे. घरी बॉडी वॉश बनवला, लॅव्हेंडर टाकला, बाटलीत वास एकदम मस्त. आंघोळीला घेतला की मात्र खालून तेलकट, नाहीतर चक्क माशासारखा वास येतो. मग आपण काय करतो? आणखी सुगंध ओततो. इथेच फसतं.

याचं उत्तर आपल्या जळगाव जिल्ह्यातच आहे, अमळनेरला. 29 डिसेंबर 1945 ला एम. एच. प्रेमजींनी तिथे वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स सुरू केली. आम्ही सॉफ्टवेअरवाले जिला विप्रो म्हणतो ती हीच. सुरुवात कोडिंगने नाही झाली. सनफ्लॉवर वनस्पती तूप आणि 787 नावाच्या कपडे धुण्याच्या साबणाने झाली. आता गंमत बघा. वनस्पती तूप बनवताना तेलाचा वास सुगंध टाकून लपवत नाहीत. हवा काढून घेतलेल्या टाकीत, 200 अंशांच्या आसपास तापलेल्या तेलातून वाफ सोडतात. वास देणारे हलके घटक वाफेबरोबर निघून जातात. रिफाइंड तेलाला वास नसतो तो यामुळेच.

म्हणून तेलापासून लिक्विड सोप करत असाल, तर घाण्याचं शेंगदाणा तेल भाजीला ठेवा. साबणाला रिफाइंड घ्या. अर्धं काम तिथेच झालं.

दुकानातून बेस आणून करणाऱ्यांची अडचण वेगळी असते. त्यात बऱ्याचदा कोको बीटेन असतं आणि त्यात उरलेल्या अमाईनमुळे माशासारखा वास येतो. इथे सायट्रिक अ‍ॅसिड कामाला येतं. थोडं पाण्यात विरघळवून थेंब-थेंब घाला, पट्टीवर पीएच 5.5 च्या जवळ आणा. आम्लात अमाईनचं मीठ बनतं, मीठ हवेत उडत नाही, आणि जे उडत नाही ते नाकापर्यंत येत नाही. पण हे तेल आणि कॉस्टिक पोटॅशच्या साबणात करू नका हं! तो आम्लात फुटतो, दुधासारखा पांढरा होतो.

आता उरलेला वास. आधी सुगंध न टाकता एक चमचा बेस कोमट पाण्यात ढवळून हुंगा. बाटलीला नाक लावून काही कळत नाही, कारण साबणाचे कण वास पोटात धरून ठेवतात आणि पाणी लागलं की सोडतात. शक्यतो सकाळी हुंगा, आणि घरातल्या दुसऱ्या कुणालाही हुंगायला द्या. तासभर तेच हुंगून आपलं नाक बधिर झालेलं असतं.

लिंबू-संत्र्याचे वास काही मिनिटांत उडतात आणि मागे मूळ वास तसाच राहतो. त्यामुळे मूळ वासाशी भांडणारा नाही, त्याला सामावून घेणारा सुगंध निवडा. तेलकट वासाला चंदन, नारळ, व्हॅनिला जमतात. (व्हॅनिलाने बॉडी वॉश हळूहळू तपकिरी होतो, घाबरू नका.) कडुनिंबाचा उग्रपणा फुलांच्या वासात आणखी विचित्र वाटतो, तिथे गवती चहा किंवा निलगिरी बरी. प्रमाण अर्धा ते एक टक्का, म्हणजे 200 ग्रॅमला 1 ते 2 ग्रॅम, तेही काट्यावर मोजून. बाटलीवर यापेक्षा कमी मर्यादा लिहिली असेल तर तीच पाळायची. सुगंध कॉस्मेटिकसाठीचाच हवा. अगरबत्तीचा किंवा रूम फ्रेशनरचा अंगाला लावायचा नाही. पुरळ उठलं तर सगळी हौस फिटेल.

एक वास मात्र कधीच झाकायचा नाही: पहिल्या दिवशी नव्हता आणि पंधरा दिवसांनी आला तो. आपल्याकडे मे महिन्यात पारा 44-45 ला जातो, त्या उन्हाळ्यात तेलाचा अंश लवकर खवट होतो. जुन्या मेणाच्या खडूसारखा वास आला तर समजा तेच झालंय. आंबट किंवा गटारासारखा वास येत असेल, किंवा घट्ट असलेला बॉडी वॉश अचानक पाण्यासारखा झाला असेल, तर त्यात जंतू वाढलेत. त्यावर चंदन ओतलं तर वास जाईल, जंतू नाही जाणार, आणि तोच बॉडी वॉश घरातलं लहान मूलही वापरतं. सरळ फेकून द्या. पुढच्या वेळी बोअरच्या पाण्याऐवजी डिस्टिल्ड पाणी घ्या, प्रिझर्व्हेटिव्ह पाकिटावर लिहिलंय तेवढंच घाला, आणि बाटलीवर तारीख टाका.