तीन चौकटी आणि वाढत गेलेलं वजन

१८ नोव्हेंबर १९९८ला 'पेनी आर्केड' हे वेबकॉमिक सुरू झालं. चित्रं माईक क्राहुलिकची, शब्द जेरी होल्किन्सचे. दोघंही अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यातल्या स्पोकेनचे, शाळेपासूनचे दोस्त. पात्रंही दोनच: तापट, थेट बोलणारा गेब आणि पुस्तकी, तिरकस टायको. खगोलशास्त्रज्ञ टायको ब्राहेचं नाव होल्किन्सने टोपणनाव म्हणून घेतलं आणि त्याच नावाने तो लिहीत राहिला.

सोमवार, बुधवार, शुक्रवार. बहुतेक वेळा तीनच चौकटी. होल्किन्सची कारागिरी या मोजक्या जागेत दिसते. आधी दोघं गेमिंगच्या बातम्या चाळत गप्पा मारतात, त्या गप्पांतून विनोद सापडतो, मग होल्किन्स संवाद घासूनपुसून बसवतो. सोबतच्या टिपणात मात्र तो हात सैल सोडतो: लांबलचक वाक्यं, जुन्या धाटणीची भारदस्त इंग्रजी आणि विषय काय, तर बंदुकीच्या एखाद्या गेममधली खोट. विषय किरकोळ आणि भाषा दरबारी, या विसंगतीतच त्याची शैली आहे.

सुरुवातीची वर्षं ओढाताणीची होती. जाहिरातींचा भरवसा उरला नाही, तेव्हा वाचकांच्या देणग्यांनी कॉमिक तगलं. २००२मध्ये रॉबर्ट खू व्यवहार सांभाळायला आला आणि दोन मित्रांच्या उद्योगाची कंपनी झाली.

त्या काळात टीव्हीवर आणि वर्तमानपत्रांत गेमर म्हणजे हिंसेला चटावलेला पोरगा, असं चित्र रंगवलं जाई. या दोघांनी २००३मध्ये त्याला कृतीने उत्तर दिलं. 'चाइल्ड्स प्ले' या उपक्रमातून गेमरांनी सिएटलच्या बाल रुग्णालयासाठी पहिल्याच वर्षी सुमारे अडीच लाख डॉलरची खेळणी आणि पैसे जमवले. २००५मध्ये गेमविरोधी वकील जॅक थॉम्प्सनने दहा हजार डॉलर दान देण्याची जाहीर भाषा केली आणि नंतर ते सगळं उपहासाने म्हटल्याचं सांगितलं. तेव्हा 'पेनी आर्केड'ने तेवढी रक्कम त्याच्या नावाने स्वतःच देऊन टाकली. हाताशी सत्ता नसलेल्याचा हा टोमणा होता, म्हणून तो वर्मी बसला.

पण सत्ता येत होती. २००४मध्ये बेलव्ह्यूला भरलेल्या त्यांच्या पहिल्या 'पॅक्स' या गेमरांच्या मेळाव्याला तीनेक हजार लोक आले. पुढे तो सिएटलला गेला, बॉस्टनला आणि मेलबर्नलाही भरू लागला. २०१०मध्ये 'टाइम'ने जगातल्या शंभर प्रभावशाली व्यक्तींत दोघांची नावं घेतली.

त्याच वर्षी कॉमिकच्या एका पट्टीत बलात्काराचा उल्लेख विनोदासाठी आला. अत्याचार सोसलेल्या वाचकांनी हरकत घेतली, त्यावर दोघांनी खिल्ली उडवणारी दुसरी पट्टी काढली आणि त्या विनोदाचे टी-शर्टही विकायला ठेवले. ते मागे घेतले गेले. पण २०१३मध्ये क्राहुलिकने 'पॅक्स'च्याच मंचावर, ते मागे घेणं चूक होती, असं म्हटलं आणि वाद पुन्हा पेटला. पहिल्या पट्टीचा रोख गेममधल्या नायकांच्या निबर हिशेबीपणावर होता, हे खरंच. पण दुसरी पट्टी उद्योगावर नव्हती, वाचकांवर होती. मेळाव्याच्या यजमानाने पाहुण्यांची टर उडवली, तर ती कट्ट्यावरची मस्करी राहत नाही. होल्किन्सची धार तीच होती; ती आता कुणावर चालते आहे, याचं भान दोघांना उशिरा आलं.

लेखक म्हणून होल्किन्स जास्त खुलला तो चौकटीबाहेर. 'ऑन द रेन-स्लिक प्रेसिपिस ऑफ डार्कनेस' या गेमचे चार भाग २००८ ते २०१३मध्ये आले. २००८मध्येच 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' या मिळून गोष्ट रचण्याच्या खेळात त्याने ओमिन ड्रान हा व्यापारी वृत्तीचा पुरोहित वठवायला घेतला. त्यातून उभ्या राहिलेल्या 'अ‍ॅक्विझिशन्स इन्कॉर्पोरेटेड' या मालिकेचं अधिकृत पुस्तक २०१९मध्ये निघालं. या खेळात त्याला पंचलाइनची घाई नाही, सोबत्यांचं ऐकून पुढचं वाक्य जुळवावं लागतं. पाव शतकाच्या या कामात टोमणा त्याला पहिल्यापासूनच येत होता. ऐकून बोलणं ही त्याची नंतरची कमाई, आणि माझ्या मते मोठी.